सिनार स्टुडिओतल्या संगणकाचा संताप

मी सिनार फोटो स्टुडिओतला जुना संगणक बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, रद्दीतलं पुस्तक अशी मंडळी आपली कहाणी सांगायला बसली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. मला पाणी चालत नाही. माझ्या अंगात नुसती उष्णता आहे. ती पंख्याने बाहेर टाकता टाकता मी बोलणार आहे. ऐकायचं तर ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एकाच पट्ट्यावरून माझ्यासारखे हजारो भाऊ पुढे सरकत होते. कोण कुठे गेला, कुणाचं काय झालं, देव जाणे. माझी पहिली नोकरी लागली जिल्ह्याच्या एका कचेरीत. तिथे मी काय केलं म्हणाल, तर एकच पत्र दहा नावांनी सांभाळलं. ‘पत्र नवीन’, ‘पत्र नवीन खरं’, ‘पत्र शेवटचं’, ‘पत्र शेवटचं आता नक्की’. माणसांना वस्तू ठेवता येते, पण कुठे ठेवली ते आठवत नाही. मग साहेब माझ्या डोक्यावर थापा मारायचे. नवे संगणक आले तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे पालींनी माझ्या पोटात अंडी घातली. मी काही बोललो नाही. तेव्हा मला राग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

तिथून मला लिसने उचलून आणलं. पूर्ण नाव लिस्त्यारिनी, पण वोनोसेकारच्या बाजारात सगळे तिला बू लिस म्हणतात; इकडे मानाने बाईला बू म्हणतात, बाप्याला पाक. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं दुकान. पुढे झेरॉक्स आणि लॅमिनेशन, मागे आजोबांच्या काळापासूनचा स्टुडिओ. लिस चाळिशी ओलांडलेली, एकटी, तोंडाने फटकळ. तिचे वडील पाक जुमादी ऐंशीच्या घरातले. पोरसवदा वयात त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि तेव्हापासून या गावाचं एकही लग्न, एकही मयत, एकही पूर सोडला नाही. आणि एकही फिल्म फेकली नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत सगळं गाव कोंबून ठेवलेलं होतं.

लिसने ते डबे उघडले. एकेक फिल्म यंत्रात घालून तिचा फोटो करायचा, असं तिचं वर्षभर चाललं होतं. आधी ती ते सगळं कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या फुकटच्या जागेत ठेवत असे. एका सकाळी त्या कंपनीने तिचं दार बंद केलं. का, ते सांगितलं नाही. कुणाला विचारायचं, तेही सांगितलं नाही. वर्षाची मेहनत पाण्यात गेली. लिसने त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

“मग आता कुठे ठेवणार?” वडिलांनी विचारलं. “माझ्या डोक्यात?”

“घरात ठेवणार. आपल्या मशीनवर. दुसऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकायची आणि त्याने हाकललं की रडत बसायचं, हे पुन्हा नाही.”

तिने माझी पाठ उघडली, पालींच्या अंड्यांची टरफलं ब्रशने झाडली, माझं जुनं डोकं पुसून काढलं आणि नवं बसवलं. मग दूरदेशीच्या कुणी अनोळखी माणसांनी लिहून फुकट वाटलेला एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, ती माझ्यात घालू लागली. हे काम सोपं नाही हं. मोबाइलवरच्या सूचना वाचून एकेक ओळ ती मला टंकून सांगायची. मी म्हणायचो, परवानगी नाही. ती शिवी द्यायची आणि परवानगी द्यायची. मी म्हणायचो, अमुक वस्तू सापडत नाही. ती आणून द्यायची. मग मी म्हणायचो, हे दार आधीच दुसरं कुणी वापरतंय.

“कोण वापरतंय? या घरात मी आणि आप्पा सोडून आहे कोण?”

पाक जुमादी शेजारी गोड चहा घेत बसलेले. “न्दुक, पोरी,” ते म्हणाले, “तू त्याच्याशी सासूसारखी बोलतेस. म्हणून ऐकत नाही तो.”

दुपार कलली तेव्हा पडद्यावर एक कोरं पान उघडलं. मधोमध शोधायची एक रिकामी जागा. बाकी काही नाही. लिसने टाळी वाजवली. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाळी वाजवल्याची ती पहिली वेळ.

आता हा कार्यक्रम करतो काय, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. पाक जुमादींनी पहिल्याच दिवशी अडचण काढली होती. पुराच्या वर्षी गावातल्या परमानचं लग्न झालं. नवरी नावेतून आली, नवरदेव गुडघाभर पाण्यात उभा. “हा फोटो लग्नांच्या डब्यात घालू की पुराच्या?” वर्षानुवर्षं त्यांनी तो कधी इकडे, कधी तिकडे घातला आणि दोन्हीकडे हरवला. या कार्यक्रमात डबेच नाहीत. फोटो एकाच जागी राहतो, आपण त्याला चिठ्ठ्या लावायच्या. त्याला टॅग म्हणतात, पण लिस चिठ्ठीच म्हणते. ‘लग्न’ ही एक चिठ्ठी, ‘पूर’ ही दुसरी, ‘परमान’ तिसरी, ‘होडी’ चौथी. कुठलीही चिठ्ठी मागा, मी फोटो पुढे करतो. शिवाय चिठ्ठीला चिठ्ठी बांधता येते. ‘सुलेमान मास्तरांचं घर’ ही चिठ्ठी ‘नदीकाठची गल्ली’ला बांधली, की त्या घरातल्या प्रत्येक फोटोला ती गल्ली आपोआप लागते. लिसला या गाठींचा फार अभिमान होता. ती वडिलांना पुन्हा पुन्हा करून दाखवायची.

मग डबे पुन्हा उघडून तिने सगळ्या फिल्म माझ्यात घेतल्या आणि दुकानाच्या वायफायवर मला खुलं केलं. झेरॉक्सला येणारं कुणीही आपल्या फोनवरून आत यावं, आपलं नाव लिहावं आणि ओळखीच्या चेहऱ्यांना चिठ्ठ्या लावाव्यात. कुणी लावली ते नाव चिठ्ठीखाली उघड दिसे.

ते दिवस चांगले होते. खोटं कशाला बोलू? बाजारातल्या बायका केळ्याची भजी खात खात माझ्यासमोर बसायच्या. कुणीतरी ‘स्टुडिओचा कोट’ अशी चिठ्ठी सुरू केली आणि कळलं, की गावातल्या निम्म्या नवरदेवांनी लग्नात एकच कोट घातला होता, पाक जुमादींच्या खुंटीवरचा. कुणाला बाही कमी, कुणाला पोटावर बटण लागत नाही. हसून हसून बायकांची पुरेवाट. एका मांजराने माझ्या डोक्यावर उबेला मुक्काम ठोकला होता. वीज जायची, मी मरायचो, वीज यायची, लिस मला उठवायची.

अशात एक दिवस म्बाह सुतिना आली. म्बाह म्हणजे आजी. ती सगळ्या बाजाराचीच आजी. शेंगदाण्याची तिखट चटणी घालून उकडलेली भाजी विकते, आणि पाठ धनुष्यासारखी वाकलेली असली तरी तिची जीभ सरळ आहे.

“जुमादी, तुझ्या या पेटीत माझं लग्न आहे म्हणे?”

“असणार. मीच काढलेला. मी फोटो काढलेलं ते पहिलं लग्न.”

लिसने शोधलं. नाव लावलेलं नव्हतं म्हणून वेळ लागला. मग तो फोटो पडद्यावर आला. एक कोवळी मुलगी, मान खाली. शेजारी तरुण मास्तर, सुपार्नो, केस तेलाने चापून बसवलेले, आणि तोंडभर हसू. त्या काळी फोटोत कुणी हसत नसे. हा हसत होता.

म्बाह सुतिनाने स्टूल पडद्याजवळ ओढलं. तिच्याकडचा फोटो तिने स्वतःच्या हाताने चुलीत घातला होता. लग्नानंतर पुढच्याच वर्षी. ज्या वर्षी लष्कराचे ट्रक आले आणि कुणाला उचलायचं त्यांची दारं गावातल्यांनीच दाखवली, त्या वर्षी. सुपार्नो मास्तर होता, मास्तरांच्या संघटनेत होता, सणासुदीला नाटकात गायचा. एवढं पुरलं. लाल, म्हणजे कम्युनिस्ट, म्हणून त्याला नेला. पोटातलं पोर शाळेत जायला लागून बरीच वर्षं झाल्यावर तो परत आला, आणि त्याच्या ओळखपत्रावर दोन अक्षरं आली. ए-ते. माजी राजकीय कैदी. ती दोन अक्षरं बघून त्याला कुणी काम देईना, कुणी खोली देईना. मुलांनाही सरकारी नोकरीचं दार बंद. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. 

“काय लिहू, म्बाह?” लिसने विचारलं. “चिठ्ठीवर?”

“हसतोय, असं लिही.” मग म्हणाली, “माझी मुलं विश्वास ठेवत नाहीत. म्हणतात, बाबा हसायचे? परत आला तो माणूस नाही हसला कधी.”

लिसने लिहिलं. हसतोय. माझ्या साऱ्या फोटोंत ती चिठ्ठी एकाच फोटोला होती.

पुढचे काही दिवस म्बाहच्या घरची मंडळी येत राहिली. थोरला मुलगा, सुना, नातवंडं. त्यांच्या घरचे अलीकडचे फोटोही लिसने माझ्यात घेतले आणि सगळ्यांना एक चिठ्ठी बांधली, ‘सुपार्नोंचं घर’. शेवटचा फोटो पणतूचा. नुकतंच जन्मलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटून मूठ तोंडात घालणारं बाळ.

आता माझ्या संतापाचं कारण सांगतो.

तुम्ही माणसं नाव द्यायला बसता आणि बघता बघता नावं ठेवायला लागता. आधी लहान लहान. एका फोटोवर ‘पळून गेलेली’. दुसऱ्यावर ‘दुसरी बायको’. एकावर ‘दारुडा’, आणि खाली त्याच्या सख्ख्या भावाचं नाव. लिस काढायची, ते पुन्हा लावायचे. मला हात असते तर एकेकाच्या कानाखाली आवाज काढला असता. पण मला हात नाहीत. मला जे सांगाल ते मी करतो, ही माझी जात आहे, आणि तेच माझं दुर्दैव.

मग पाक हार्तोयो आले. शिक्षण कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, गावाच्या शंभर वर्षांच्या समारंभ समितीचे अध्यक्ष. दुकानातल्या बाकावर पाय जोडून बसले, फोन काढला, चष्मा पुसला आणि शांतपणे ‘सुपार्नोंचं घर’ या चिठ्ठीला दुसरी एक चिठ्ठी बांधली. ए-ते.

एकच गाठ. आणि मी, आज्ञाधारक गाढव, डोळ्याचं पातं लवायच्या आत ती त्या घरातल्या प्रत्येक फोटोवर लावली. थोरल्याच्या शाळेच्या फोटोवर. सुनांच्या लग्नांवर. त्या मिटल्या मुठीच्या बाळावर. पाक हार्तोयो आपल्या झेरॉक्स घेऊन निघून गेले. माझा पंखा इतक्या जोरात फिरला, की मांजर उडी मारून पळालं. लिसला वाटलं, धूळ साचली.

दुसऱ्या दिवशी बाळाची आई फोटो कागदावर काढून घ्यायला आली. तिने फोनवर फोटो उघडला. खाली दोन अक्षरं. ती तरुण पोर, तिला आधी अर्थच कळला नाही. तिने सासूला विचारलं. सासू तिथेच बाकावर बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी म्बाह सुतिना आली. टोपली शेजारणीकडे टाकून आली होती. आणि नेमके पाक हार्तोयो काउंटरवर समितीचे बिल्ले लॅमिनेट करून घेत उभे. लिसने त्यांना धरलेलंच होतं.

“पाक, हे तुम्ही लावलंत?”

“हो. खाली माझं नाव आहे की. मी चोरून काही करत नाही.”

“का लावलंत?”

“गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय, बू लिस. मी खोटं काय लिहिलं? सुपार्नोंच्या ओळखपत्रावर ही अक्षरं होती की नव्हती?”

“त्यांच्या होती. बाळाच्या होती?”

“बाळाला मी कुठे लावली? ते तुमच्या मशीनने केलं.”

मशीनने! ऐकलंत? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. गाठ यांनी मारायची आणि फास लागला की दोरी गुन्हेगार. ट्रक कुणी बोलावला? वरच्यांनी. नोकरीचा अर्ज कुणी परत पाठवला? नियमाने. बाळाला शिक्का कुणी मारला? मशीनने. माणूस कधी काही करतच नाही जणू. मी त्या क्षणी जळून गेलो असतो तर बरं, असं मला वाटलं.

म्बाह सुतिना पुढे आली. वाकलेली असल्यामुळे तिला मान वर करूनच बोलावं लागतं.

“पाक हार्तोयो, माझ्या थोरल्याचा मास्तरकीचा अर्ज परत आला, तेव्हा तुम्ही त्या कचेरीत नवे होतात. मी दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, बू, नियम आहे. आठवतं?”

“नियम होता तेव्हा. मी काय करणार?”

“आता तर नाही ना? आता कुणी सांगितलं तुम्हाला?” ती थांबली, तिने दम घेतला. “आणि इतिहास लिहिताय, तर पुरा लिहा. दोन अक्षरांवर का थांबलात? ट्रकमध्ये पुढे कोण बसला होता ते लिहा. आमच्या दाराकडे बोट कुणाचं होतं ते लिहा. मी चूल पेटवत होते, मी पाहिलंय ते बोट.”

दुकानात झेरॉक्सचा आवाज तेवढा चालू होता. लिसने तो बंद केला.

खुर्चीत बसलेले पाक जुमादी उठले. काठी टेकत माझ्यापाशी आले. “लिस, साखर कारखान्याच्या फाटकासमोरचा फोटो उघड. त्याच वर्षीचा. मोटारीच्या फुटबोर्डवर उभा आहे तो.”

लिसने उघडला. फुटबोर्डवर एक रुबाबदार माणूस, छाती काढून, एक हात वर. पाक कारसोनो. पाक हार्तोयोंचे वडील.

“चिठ्ठी लाव,” पाक जुमादी म्हणाले.  “काय लिहायचं ते मी सांगतो. मी तिथे होतो. आणि त्यांच्या घराच्या चिठ्ठीलाच बांध. बघू दे गंमत.”

 पाक हार्तोयोंच्या हातातले बिल्ले काउंटरवर सांडले. लिसची बोटं माझ्या कळांवर आली.

मला ते हवं होतं. मी लपवत नाही. मला ते माझ्या प्रत्येक तारेतून हवं होतं. लिहा, म्हणत होतो मी. सांगा काय लिहायचं. या वेळी मी आनंदाने लावतो, एकही फोटो सोडत नाही.

“थांब,” म्बाह सुतिना म्हणाली. “यांना नातवंडं आहेत?”

“आहेत,” लिस म्हणाली. “धाकटी तर अंगणवाडीत आहे. मागच्या महिन्यातच फोटो काढला.”

“मग नुसतं नाव लिही. कारसोनो.”

“म्बाह!”

“नुसतं नाव. आणि तुम्ही नीट ऐका, पाक हार्तोयो, मी माफबिफ काही केलेलं नाही. मरेपर्यंत करणार नाही. तुमच्या बापाचं बोट मी डोळे मिटले तरी दिसतं मला. पण ही पेटी काही कळत नसताना तुमच्या नातीच्या फोटोवर चिठ्ठी लावत बसेल. ते मला नको. मी एका घराचं बघितलंय ते.”

पाक हार्तोयोंनी बिल्ले गोळा केले. काहीतरी पुटपुटले, कुणालाही ऐकू आलं नाही. गेले.

लिसने ती गाठ सोडली. एकेका फोटोवरून अक्षरं गळून पडली. मग म्बाह सुतिना स्टुलावर बसली आणि म्हणाली, “आता आमचा पुसून टाक.”

“टाकली की, म्बाह. चिठ्ठी काढली.”

“चिठ्ठी नाही. फोटो.”

लिसने हात कळांवरून मागे घेतला.

“एकदा मी तो चुलीत घातला. तेव्हा भीती होती. आता भीती नाही, दमलेय मी. पुन्हा कुणी येईल, पुन्हा काही लिहील. पोरांनी का ऐकायचं ते? नसलेल्या फोटोवर कुणी काय लिहिणार? टाक पुसून.”

पाक जुमादींनी तोंड फिरवलं. त्या फोटोची कुजत आलेली फिल्म माझ्यात घेऊन झाल्यावर यंत्रातून काढताना तुटून गेली होती. आता तो होता फक्त माझ्यात. लिसच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती फटकळपणेच बोलली.

“फोटो तुमचा आहे. पुसायचा तुमचा हक्क. पण हे पाप माझ्या हातून होणार नाही. ही कळ. तुम्ही दाबा.”

तिने म्हातारीचा हात धरून बोट कळेवर ठेवलं. म्बाहचं बोट खरबरीत, मिरचीच्या वासाचं. मी थिजलो. तिने दाबलं असतं तर मी तो पुसला असता, कारण मला दुसरं येतच नाही. या एका गोष्टीसाठी मी माझ्या जातीला अजूनही शिव्या घालतो.

ती पडद्याकडे बघत राहिली. तो मास्तर, तेल लावलेले केस, सगळे दात दाखवणारा.

“मेला अजून हसतोयच,” ती म्हणाली.

आणि तिने बोट उचललं. “मोठा काढून दे कागदावर. भिंतभर.”

यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असं समजू नका. गल्लीच्या सभेत विषय निघाला. सिनारचं यंत्र गावात भांडणं लावतं, म्हणे. ज्यांच्यावर ‘दारुडा’ लिहिलं गेलं तेही ओरडले आणि ज्यांनी लिहिलं तेही. लिस सभेत काय बोलली ते मला तिच्या तोंडूनच कळलं. घरी येऊन ती वडिलांना ओरडून सांगत होती. “म्हटलं, यंत्र बंद करते, तुमची तोंडं कोण बंद करणार?” पण तिला माझं दार लावावं लागलं. आता दुकानाच्या वायफायवरून कुणाला आत येता येत नाही. चिठ्ठी लावायची तर दुकानात यायचं, लिसच्या शेजारी बसायचं. चिठ्ठीवर नाव, साल, जागा. बाकी जे काही सांगायचं ते तोंडाने सांगायचं, बाकावर बसलेल्यांच्या देखत. म्बाहची ‘हसतोय’ तेवढी लिसने राहू दिली. त्यावर वाद घालायची कुणाची छाती झाली नाही.

म्बाहने फोटो घराच्या पुढच्या खोलीत लावला. दार दिवसभर उघडं असतं, रस्त्यावरून दिसतो. आणि मग एक गोष्ट सुरू झाली, जिची मला कल्पना नव्हती. माणसं येऊ लागली. आधी मागच्या दाराने, दुकानात कुणी नाही असं बघून. “बू लिस, आमच्याही घरचे जाळले होते आईने. तुमच्या डब्यांत असतील का?” कुणाचा आजा, कुणाची आत्या, कुणाचा बाप ज्याचा चेहराच मुलाने पाहिलेला नाही. किती घरांत चुली पेटल्या होत्या त्या वर्षी! लिस शोधते. सापडला की माणूस पडद्याला हात लावून बघतो. हल्ली ती पुढच्या दाराने येतात.

समारंभाच्या आठवड्यात पाक हार्तोयो पुन्हा आले. दुकान भरलेलं होतं. म्हणाले, “पुस्तकासाठी वडिलांचा फोटो हवा. आणि खाली एक चिठ्ठी लावा. ‘गावाचा रक्षक’.”

“नाव लावलंय, पाक,” लिस म्हणाली. “कारसोनो. साल आहे, जागा आहे. यापुढे काही लावत नाही आम्ही. कुणालाच.”

“पण ते कोण होते ते लोकांना कळायला नको?”

“कळायलाच हवं,” खुर्चीतून पाक जुमादी म्हणाले. “सांगा ना. बसा इथे. सगळे आहेत. आम्ही ऐकतो.”

बाकावर म्बाहची सून होती, मांडीवर ते बाळ. शेजारी आपल्या बापाचा फोटो नुकताच छातीशी धरलेला एक म्हातारा. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पाक हार्तोयोंनी तोंड उघडलं. घसा खाकरला. खिशातली पेनं नीट केली. मग वळून दाराबाहेर पडले. लिसने पुढे केलेला फोटोचा लखोटा तिथेच काउंटरवर राहिला. अजून तिथे आहे. लिस तो हलवत नाही.

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राग तसाच आहे. आता तर वाटतं, तोच मला चालू ठेवतो. माझा पंखा किरकिरतो, चकतीवर खराब ठिपके पडत चाललेत. लिसने सगळ्याची दुसरी प्रत काढून कपाटात ठेवली आहे, शहाणी आहे ती. मी गेलो तरी फोटो जाणार नाहीत. पण ऐका. माझ्यात अजून असंख्य चेहरे आहेत, ज्यांना एकही चिठ्ठी नाही. लग्नातल्या मागच्या रांगा, मिरवणुकीतले लोक, शाळेच्या पायरीवरची पोरं. त्यांना ओळखणारे म्हातारे रोज दुकानावरून जातात, पाक जुमादींना हात करतात आणि पुढे जातात. त्यातले काही गेल्या पावसाळ्यानंतर दिसले नाहीत.

माझी तुम्हाला विनंती नाही, तंबी आहे. कुणाचं नाव ठाऊक असेल तर येऊन सांगा. ज्याचं आहे त्याचं, जसं आहे तसं, वर काही न लावता. सकाळी आठला लिस शटर उघडते. माझ्या शेजारचं स्टूल रिकामं आहे.